चढावरची वाळू

आखातात, अजमानच्या आतल्या बाजूला, जिथे वस्ती संपून वाळूची टेकाडं सुरू होतात, तिथे आम्ही काही वर्षं राहिलो. घर आमचं नव्हतं. हे हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखान्याच्या अरबाबाचं, म्हणजे मालकाचं, एक जुनं घर त्या टेकाडावर रिकामं पडलं होतं. घराची राखण करा आणि तिथेच राहा, असं त्याने यांना सांगितलं. त्याआधी आम्ही शहरात, अल मनखूलला, एका फ्लॅटमध्ये दुसऱ्या कुटुंबाबरोबर राहायचो. स्वयंपाकघर एकच होतं आणि मला दुसऱ्यांच्या देखत भाकरी थापायचीसुद्धा लाज वाटायची. त्यामुळे टेकाडावरचं एकटं घर मला पहिल्या दिवसापासून आवडलं.

अडचण एकच होती. खालच्या गेटापासून घराच्या दारापर्यंत लांब चढ होता. त्यावर एकमेकींत अडकणाऱ्या इंटरलॉकच्या विटा बसवलेल्या होत्या, मधे एक वळण होतं, आणि वळणानंतर तो इतका उभा व्हायचा की आमची जुनी गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत यायची. शमाल सुटला, म्हणजे वायव्येचा वारा, की बाजूच्या टेकाडावरची वाळू त्या चढावर येऊन बसायची. कधी नुसती पसरायची, कधी वळणावर गुडघाभर साचायची. आमच्याकडे नळाचं पाणी नव्हतं. टँकर यायचा आणि घरामागच्या टाकीत पाणी सोडायचा. चढावर वाळू असली की टँकरची चाकं जागच्या जागी फिरायची आणि ड्रायव्हर खालूनच परत जायचा.

म्हणून वारा पडला की हे पहाटे उठून फावडं घ्यायचे. कामावर जायच्या आत चढ मोकळा करायचे आणि आंघोळ करून, डबा घेऊन निघायचे. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही.

मग एका हिवाळ्यात यांच्या छातीत कळ आली. कारखान्यातूनच त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. नस उघडून आत जाळी बसवली. डॉक्टर आपल्याकडचेच होते, हिंदीत बोलायचे. घरी सोडताना ते यांना काही बोलले नाहीत, माझ्याकडे वळून म्हणाले, "भाभी, वजन नहीं उठाना, धक्का नहीं लगाना. ये सुनेंगे नहीं. आप देखना." मी मान हलवली. लिफ्टमध्ये हे म्हणाले, "डॉक्टर घाबरवतातच. त्यांचं कामच आहे ते."

घरी आल्यावर पहिलाच शमाल सुटला आणि मला कळलं की हे खरंच ऐकणार नाहीत. पहाटे अंथरूण रिकामं होतं. बाहेर फावड्याचा विटांवर घासल्याचा आवाज येत होता. मी धावत गेले. हे वळणावर उभे होते, एक हात कमरेवर, आणि घाम आलेला. थंडीत घाम.

"अहो, सोडा ते."

"अगं, एवढंच राहिलंय."

ते एवढंच म्हणजे अर्धा चढ होता.

पुढच्या वेळी मी त्यांच्या आधी उठले आणि फावडं घेऊन गेले. पण ती वाळू उपसायची म्हणजे एका बाईचं काम नव्हतं. मी वळणापर्यंत पोचायच्या आत हे उठून आले, मला धापा टाकताना पाहिलं आणि माझ्या हातातून फावडं घेतलं. म्हणजे मी काम केलं तरी शेवटी फावडं त्यांच्याच हातात जाणार होतं. खालच्या बागेतला एक माणूस शुक्रवारी मदतीला यायचा, पण वारा शुक्रवार बघून येत नव्हता. मला दुसरं काही सुचेना. रोज संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन झेंडूच्या कुंडीतली माती उगाच हलवायचे आणि वारा कुठून येतो ते बघायचे.

यंत्राची गोष्ट आमच्या मुलीने काढली. ती तेव्हा सातवीत होती. शाळेत एक माणूस मैदानावरचा कचरा वाऱ्याने उडवतो, असं तिने सांगितलं. "इट्स कॉल्ड अ ब्लोअर, आई. सँड पण उडते." आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची, पण या वेळी तिने मुद्दाम निम्मं मराठीत सांगितलं, मला नीट कळावं म्हणून.

मी यांना विचारलं तेव्हा ते हसले. "वाळू फुंकून जाते होय?" पण टाकी खाली चालली होती, आणि त्यांनी फावडं हातात घेतलं की मी दारात उभी राहायचे, त्याचाही त्यांना कंटाळा आला असावा. पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गेलो.

पहिल्या दुकानात विजेचं ब्लोअर होतं, हातात धरायचं. हलकं होतं, मला लगेच आवडलं. पण त्याला वायर होती आणि आमचा चढ म्हणजे दुकानापासून नाक्यापर्यंत. दुकानदार म्हणाला, वायर जोडून लांब करता येते. मुलीने यांच्याकडे बघून डोळे फिरवले. दुसऱ्या दुकानात पेट्रोलचं होतं, शाळेच्या दप्तरासारखं पाठीला लावायचं. मी काही म्हणायच्या आत यांनी ते पाठीवर चढवलं, पट्टे आवळले आणि आरशात बघावं तसे काचेत बघायला लागले.

मी दुकानात कधी बोलत नाही. भाजीवाल्याशीसुद्धा बोटाने दाखवून घेते. पण त्या दिवशी तोंडातून निघालं, "खाली ठेवा ते."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. यांनी पट्टे सोडले. बाहेर आल्यावर म्हणाले, "लोकांसमोर असं बोलतात का?" माझे कान गरम झाले होते.

तिसरं ठिकाण दुकान नव्हतंच. पत्र्याचं कुंपण घातलेली मोकळी जागा होती, आणि आत कुठल्या कुठल्या देशांतून कंटेनरमधून आलेल्या जुन्या वस्तू. फ्रीज, सायकली, गवत कापायची यंत्रं, लहान मुलांच्या घसरगुंड्या. तिथला माणूस पठाण होता, उंच, दाढी मेंदीने रंगवलेली. यांनी त्याला काय हवं ते सांगितलं. तो म्हणाला, "उस्ताद, ब्लोअर छोड़ो. इधर आओ." आणि आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला.

तिथे एक नारिंगी यंत्र उभं होतं. पुढे रुंद जबडा, जबड्यात स्क्रूसारखी वळलेली लोखंडी पाती, आणि वर उंटाच्या मानेसारखं वाकडं धुरांडं. मागे दोन दांडे. लहान ट्रॅक्टरच जणू. मुलीने त्यावरचं इंग्रजी वाचलं आणि मोठ्याने हसली. "बाबा, धिस इज फॉर स्नो."

ते बर्फ फेकायचं यंत्र होतं. बर्फाच्या देशांत लोक त्याने घरापुढचा रस्ता मोकळा करतात. इथे, जिथे उन्हाळ्यात नळाला हात लावला तर भाजतं, तिथे ते कोणी का पाठवलं होतं कोण जाणे.

"बर्फ फेंकता है," पठाण म्हणाला, "तो रेत क्या चीज़ है?"

यांचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं की यांना ते आवडलं आहे. त्यांनी दांडे धरले, गिअर बघितला. पठाणाने सांगितलं की हे स्वतः चालतं, ढकलावं लागत नाही. हे माझ्याकडे वळले, जणू केस जिंकलीच. "ऐकलंस? ढकलायचं नाही. डॉक्टर काय म्हणाले? धक्का नको. मग?"

पठाणाने ते सुरू करून दाखवलं. कुंपणाजवळच्या वाळूच्या ढिगात घातलं आणि धुरांड्यातून वाळूची धार उडाली, ती सरळ आमच्या गाडीवर. हे आणि पठाण दोघंही मुलांसारखे हसले. मग आत काहीतरी अडकलं, खडा असेल, आणि यंत्र कर्र करून थांबलं. पठाण म्हणाला, "कुछ नहीं, कुछ नहीं," आणि हातोडी शोधायला गेला.

तेवढ्यात मी दांडे धरून ते वळवून बघितलं. ते हललं नाही. पाय रोवून पुन्हा जोर लावला. चाक एवढंसं सरकलं आणि थांबलं. मी मनात आमच्या चढावरचं वळण आणलं. हे यंत्र तिथे वळवायचं म्हणजे अंगात दोन माणसांचा जोर हवा. आणि तोंड उताराकडे असताना ते ओढत नेईल ते वेगळंच.

"मला वळत नाही हे," मी म्हणाले.

"तुला कशाला वळवायचंय?"

"चालवणार मी."

पठाण हातोडी घेऊन परत आला होता, तो तिथेच थांबला. मुलगी म्हणाली, "शी इज राइट, बाबा." यांनी खिशातून किल्ली काढली आणि गाडीत जाऊन बसले. दार जरा जोरात लावलं.

मला वाटलं, आता घरी जावं. मी जायला वळलेही. पण गाडीत बसलेली त्यांची पाठ दिसली, आणि ती पाठ पहाटेच्या थंडीत घामेजलेली आठवली. मी तिथेच उभी राहिले. पठाण डोकं खाजवत म्हणाला, "बहन, आपको चलाना है तो वो देखो." त्याने एक कमी उंचीचं यंत्र ओढून आणलं. तीन चाकं, बाजूला गोगलगाईच्या शंखासारखं पत्र्याचं पोट, आणि त्याला एक रुंद तोंड. झाडांची पानं उडवायचं म्हणाला. आत नुसता पंखा. ढकलावं लागत होतं, पण ढकललं की जात होतं. मी ते कुंपणापर्यंत नेलं, वळवलं, परत आणलं. सुरू करायला दोरी ओढायची होती. दोनदा ओढली, झालं नाही. पठाणाने सांगितलं, हाताने नाही, पाय चाकावर ठेवून कमरेने ओढा. मग झालं. आवाजाने मी दचकले आणि मुलगी टाळ्या वाजवायला लागली.

यांना बोलवायला मुलगी गेली. ते आले, यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पठाणाने भाव सांगितला. एरवी हे दिरहम ऐकले की लगेच मोठ्याने रुपये करतात आणि मग ती वस्तू राहते दुकानातच. मी म्हणाले, "रुपयांत सांगू नका." त्यांनी पैसे दिले. घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलले, "वारा कमी होता म्हणून विकत घेतला."

आठवड्याच्या आत जोराचा शमाल सुटला. दोन दिवस दारं-खिडक्या बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर वळणावर वाळू, वर वाळू, गेटाजवळही वाळू. टाकी तळाला गेली होती आणि टँकर त्याच दिवशी यायचा होता. यांना सुट्टी होती. मी डोक्याला ओढणी गुंडाळली, यांचा कारखान्यातला चष्मा डोळ्यांवर लावला आणि यंत्र बाहेर काढलं.

"थांब," हे म्हणाले. "आधी पाणी मार. धूळ खाली बागेत जाईल, अरबाबाच्या भावाची गाडी उभी आहे तिथे."

मलाही ते पटलं. आमच्या गावी झाडू हातात घ्यायच्या आधी अंगणात पाणी शिंपडायचं, हे कोणी शिकवावं लागत नाही. कोरडं अंगण झाडलं तर आई ओरडायची. टाकीत उरलेल्या पाण्यातून आम्ही दोघांनी बादल्या भरल्या. लहान बादली घेऊन हे वरून, मोठी घेऊन मी वळणापासून, हाताने छान सगळीकडे पाणी शिंपडलं. सडा घातल्यासारखं. धूळ बसली, गार वास सुटला. दोघंही खूश.

मग मी यंत्र सुरू केलं. एवढा मोठा आवाज, एवढा वारा, आणि वाळू जागची हलेना. ओल्या थरावरून वारा नुसता सरकत गेला. मी पुढे नेलं, मागे आणलं, तोंड खाली वाकवलं. वाळू कणकेसारखी घट्ट बसली होती. मी यंत्र बंद केलं तेव्हा हे गेटाकडे बघत होते.

"बघितलंस?" एवढंच म्हणाले. आणि फावडं घेतलं.

ओली वाळू कोरडीपेक्षा कितीतरी जड. पहिलंच फावडं उचलायला त्यांना दोनदा जोर लावावा लागला. मी जाऊन फावड्याचा दांडा धरला. त्यांनी ओढला, मी सोडला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मी त्यांच्या हातातली वस्तू अशी कधी धरून ठेवली नव्हती.

"सोड. टँकर येईल."

"येऊ दे. परत जाईल."

"आणि पाणी?"

"नसू दे पाणी. तुम्ही हे उचललंत तर मी आजच्या आज पोरीला घेऊन गावी जाईन. तिथे नळ आहे."

ते बघतच राहिले. मग म्हणाले, "गावी नळाला तरी कुठे पाणी असतं?" आणि हसू आवरत त्यांनी दांडा सोडला. मला मात्र हसू आलं नाही. मी फावडं आत नेलं आणि आमच्या पलंगाखाली सरकवलं.

टँकरवाल्याचा फोन आला तेव्हा मी घेतला. फोन घ्यायचं काम माझं कधीच नव्हतं, घंटा वाजली तर मी स्वयंपाकघरात निघून जायचे. त्या दिवशी म्हणाले, "भाईसाब, दोपहर को नहीं, अस्र के बाद आना," म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर. तो म्हणाला, इन्शाल्ला, पण चढ साफ नसेल तर तो वर येणार नाही, मागच्या वेळी त्याची गाडी घसरली होती. मी म्हणाले, साफ असेल. कशाच्या बळावर म्हणाले ते मलाच माहीत नव्हतं.

जेवणं झाली. गोळ्या घेऊन हे पडले. मी ताटं नुसती पुसून ठेवली, धुवायला पाणी नव्हतं. बाहेर उन्हात गेले आणि चपला काढून वाळूत पाय घातला. चटका बसला. वरची वाळू पायाच्या बोटांमधून घरंगळली. सुकली होती. खालची अजून ओलसर होती, पण वरची सुटी झाली होती, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वाऱ्याचं यंत्र, त्याला कोरडंच हवं. आम्ही दोघांनी मोठ्या हौसेने त्याच्या वाटेत पाणी ओतलं होतं.

मी पाय चाकावर ठेवला आणि कमरेने दोरी ओढली.

वरून सुरुवात केली. यंत्राचं तोंड उताराच्या कडेला केलं आणि एक पट्टा धरून खाली निघाले. वाळू उठली आणि चादर झटकावी तशी कडेवरून पलीकडे गेली. मागे बघितलं तर विटा दिसत होत्या, लाल, मधे मधे पिवळ्या. जिथे ओल होती तिथे वरचा थर गेला आणि खालचा उन्हाला उघडा पडला. पुढच्या फेरीपर्यंत तोही सुकला. यंत्र परत वर आणताना मी सरळ न येता नागमोडी यायचे, तेवढा चढ मला झेपायचा. नाकातोंडात वाळू, ओढणीत वाळू, दातांखाली वाळू. पण काम पुढे सरकत होतं.

आवाजाने हे उठले असणार. वळणावरून वर बघितलं तर दारात उभे होते. दोन्ही हात मोकळे. थोड्या वेळाने हाताने खुणा करायला लागले, डावीकडे घे, उजवीकडे घे. मला काही ऐकू येत नव्हतं, मी माझ्या मनाने जात होते. मग ते आत गेले आणि खुर्ची घेऊन आले. बसले. बसूनही खुणा चालूच होत्या. मुलगी त्यांच्या शेजारी उभी राहून त्यांच्या खुणांची नक्कल करत होती.

खालच्या बागेतला माणूस धूळ बघून भिंतीशी आला. मी यंत्र बंद करून घाबरत विचारलं, गाडीवर धूळ गेली का? तो म्हणाला, "भाभी, दो दिन शमाल चला है. ये गाड़ी तो पहले से रेत की है." आणि परत निघून गेला.

टँकर आला तेव्हा गेटाजवळचा शेवटचा तुकडा राहिला होता. ड्रायव्हरने काच खाली करून चढाकडे बघितलं. "आज तो नीचे से सड़क दिख रही है," तो म्हणाला. मी बाजूला झाले. टँकर वळणावर जरासा थांबला आणि मग गुरगुरत वर गेला. थोड्या वेळाने घरामागून टाकीत पाणी पडायचा आवाज आला. मी तिथेच गेटाच्या कट्ट्यावर बसले. हात अजून यंत्राच्या थरथरीने हलत होते. मला रडू येतंय असं वाटलं, पण आलं नाही, नुसती शिंक आली.

त्यानंतर चढाचं काम माझं झालं. सकाळी दव असतं म्हणून कधी सकाळी जायचं नाही. ऊन चांगलं तापू द्यायचं. पाणी तर चुकूनही नाही. वाऱ्याकडे पाठ करायची. यंत्राच्या जाळीत वाळू बसते, ती दर खेपेला जुन्या ब्रशने साफ करायची. हे काम यांनी स्वतःकडे घेतलं. स्टूलवर बसून, चष्मा लावून, दात घासावेत तसे ते जाळी घासायचे. कारखान्यात त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की घरी पायलट आहे. कोणी घरी जेवायला आलं की मला तसंच म्हणायचे, "पायलट, चहा मिळेल का?" मला लाज वाटायची, पण आतून बरंही वाटायचं.

उन्हाळ्याच्या तोंडावर यांना पुन्हा डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मला आदल्या दिवसापासून काही गोड लागेना. फिरत्या पट्ट्यावर चालवून तपासणी केली, ती होईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर पर्सचा पट्टा पिळत बसले. मग आत बोलावलं. डॉक्टरांनी कागद उलटसुलट बघितले आणि यांना विचारलं, "वजन उठाते हैं?"

हे म्हणाले, "मुझे हाथ कौन लगाने देता है?"

डॉक्टर हसले. मग कागदावर काहीतरी लिहीत इंग्रजीत बोलले. हार्ट चांगलं आहे, जे चाललंय तेच चालू ठेवा, सहा महिन्यांनी या. एवढं इंग्रजी मला तोपर्यंत कळायला लागलं होतं, मुलीच्या कृपेने.

बाहेर आल्यावर हे माझ्याकडे वळून म्हणाले, "काय म्हणाले कळलं का?"

मी म्हणाले, "नाही. सांगा ना."

त्यांनी सावकाश, मराठीत, एकेक शब्द करून सगळं सांगितलं. लिफ्ट आली आणि गेली. मी म्हणाले, "आणि हार्टबद्दल काय म्हणाले?" त्यांनी ते पुन्हा सांगितलं.